आडनावापाशी थांबलेला तपास

बंगळूरच्या बेल्लारी रस्त्यावर ‘ॲव्हलॉन’ नावाच्या वास्तूत १९५९ साली राष्ट्रीय क्षयरोग संस्था उभी राहिली. १६ सप्टेंबर १९६० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. रुग्ण लाखोंनी, डॉक्टर मोजके आणि पैसा त्याहून मोजका, अशा देशाला झेपेल असा क्षयनियंत्रणाचा कार्यक्रम आखून देणे हे तिचे काम. कार्यक्रम आखायचा तर रोग किती आहे हे आधी मोजायला हवे. मोजायचे तर समोर दिसतोय तो जंतू क्षयाचाच आहे, त्याच्या एखाद्या चुलतभावाचा नाही, याची खात्री हवी. ही खात्री देणे तेव्हा अतिशय अवघड होते, आणि मॉलिक्युलर चाचण्या आल्यावर ते सोपे झाले असे आज सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. भावकीतले जंतू वेगळे कसे काढायचे हा प्रश्न दक्षिण भारतात पीसीआर ही मॉलिक्युलर चाचणी येण्याच्या तीस वर्षे आधी ऐरणीवर आला होता. पीसीआर आल्यावर तीही इथल्या जंतूपुढे अडखळली, आणि इथल्या जंतूकडे नीट पाहिल्यावरच सुधारली. चाचणीला जी खूण शोधायला शिकवावे तेवढीच ती शोधते. ती खूण कोणत्या मुलखातल्या जंतूवरून घेतली, यावर सगळे अवलंबून असते.

मायकोबॅक्टेरियम हे मोठे कुटुंब आहे. माणसाच्या क्षयाचा जंतू, गुरांच्या क्षयाचा जंतू, कुष्ठरोगाचा जंतू आणि माती, डबकी, नळाचे पाणी यांत निवांत राहणाऱ्या शेकडो जाती, सगळे त्यात येतात. सगळ्यांच्या अंगावर मेणचट कवच असते. झील-नील्सन पद्धतीने रंगवले की ते लाल रंग धरून ठेवतात आणि आम्लाने धुतले तरी सोडत नाहीत. काचपट्टीवर निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्या दिसल्या की तंत्रज्ञ ‘पॉझिटिव्ह’ लिहितो. त्या काड्यांवरून कुटुंब कळते, व्यक्ती कळत नाही. म्हणजे आडनाव कळले, नाव राहिले. आजाऱ्याच्या छातीतला लाल काडीचा जंतू क्षयाचा असू शकतो, तसा तो मातीतून आलेला एखादा उपटसुंभही असू शकतो.

संस्थेच्या लोकांना ही अडचण पहिल्यांदा जाणवली ती प्रयोगशाळेत नव्हे, खेड्यातल्या माणसांच्या दंडाखालच्या कातडीवर. तुमकूर आणि बंगळूर जिल्ह्यांतल्या गावांत पथके घरोघर जात, हाताच्या पुढच्या भागावर कातडीत ट्युबरक्युलिनचा थेंब टोचत आणि तीन दिवसांनी परत येऊन तिथे उठलेल्या टणक गाठीचा व्यास पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजत. क्षयाचा संसर्ग झालेल्याची गाठ मोठी, न झालेल्याची नाही, हे गृहीत. युरोपातल्या मोजण्यांचा आलेख काढला तर दोन स्वच्छ टेकड्या दिसत: एक शून्याजवळ, दुसरी पंधरा-सोळा मिलिमीटरच्या आसपास, मध्ये दरी. दक्षिण भारतात ती दरीच बुजलेली निघाली. पाच, सात, नऊ मिलिमीटरच्या गाठी इतक्या होत्या की रेघ कुठे मारावी हेच कळेना. डॉ. राज नारायण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मधल्या, फिक्या प्रतिक्रियांचा बराच पाठपुरावा केला. मातीपाण्यातल्या नात्यातल्या जंतूंनी शरीराला आधीच ओळख करून दिलेली असते, आणि ट्युबरक्युलिन म्हणजे शेकडो प्रथिनांचा काढा असल्याने त्यातली बरीचशी प्रथिने या नातेवाइकांतही असतात. काढ्याला कोण कुठले ते कळत नाही.

मग प्रयोगशाळेत तरी कळत होते का? कळत होते, पण वेळ लागे आणि हात कसलेला लागे. अंडी, बटाट्याचे पीठ आणि मॅलकाइट ग्रीन घालून केलेले लोवेनस्टाइन-येन्सनचे हिरवट माध्यम बाटलीत तिरके थिजवायचे, त्यावर थुंकीचा नमुना सोडायचा आणि आठ आठवडे वाट पाहायची. क्षयाचा जंतू खडबडीत, फिकट पिवळसर, फ्लॉवरच्या तुऱ्यासारखा वाढतो. मातीतले कित्येक जंतू गुळगुळीत आणि चकचकीत वाढतात, काही उजेड दाखवला की पिवळेधमक होतात, काही आठवड्याच्या आत बाटली भरून टाकतात. अमेरिकेतल्या रनियनने १९५९ मध्ये याच रंग-गतीवरून त्यांचे चार गट पाडले. मग नायसिन चाचणी: माणसाच्या क्षयाचा जंतू नायसिन बाहेर टाकतो, गुरांचा टाकत नाही. ते पाहायला सायनोजेन ब्रोमाइड वापरावे लागे, म्हणजे जिवावरचा खेळ. गुरांच्या जंतूला ग्लिसरीन मानवत नाही, त्यामुळे नेहमीच्या बाटलीत तो जेमतेम उगवतो किंवा उगवतच नाही. भारतात माणसांत गुरांचा क्षय आढळत नाही, हे जुने वाक्य वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवलेली बरी. जी बाटली त्याला वाढूच देत नाही, तिच्यात तो दिसला नाही याचे नवल कशाला?

त्यातच १९६० मध्ये डेनिस मिचिसन आणि सहकाऱ्यांनी मद्रासच्या रुग्णांतले आणि ब्रिटिश रुग्णांतले जंतू गिनीपिगना टोचून पाहिले. मद्रासचे बरेच जंतू सौम्य निघाले. गिनीपिगला त्यांनी ब्रिटिश जंतूंइतके हैराण केले नाही. म्हणजे ‘क्षयाचा जंतू’ या एका नावाखालीसुद्धा एकसारखेपणा नव्हता. तीस-चाळीस वर्षांनी मॉलिक्युलर चाचण्यांना जो दणका बसला त्याचे मूळ याच जंतूत होते. पण तेव्हा ‘दक्षिण भारतीय प्रकार’ असे नाव देऊन तो बाजूला ठेवण्यापलीकडे कोणाच्या हाती काही नव्हते.

इथे एक रास्त आक्षेप येतो. एवढा घोळ ठाऊक असूनही याच संस्थेने १९६२ च्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा पाया सूक्ष्मदर्शकावर, म्हणजे नुसत्या आडनावावर, का घातला? ही चूक नव्हती का? माझ्या मते नव्हती. डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यात केलेली, १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी वाचली की कारण कळते. क्षयाची लक्षणे असलेली बहुतेक माणसे आपल्या दुखण्याविषयी जागरूक होती आणि निम्म्याहून अधिक जण उपचारासाठी गेलेही होते. त्यांना खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन परत पाठवले जात होते. चूक रुग्णाच्या अज्ञानाची नव्हती, दवाखान्याच्या दुर्लक्षाची होती. दारात आलेल्या खोकणाऱ्याची थुंकी तिथल्या तिथे पाहायची, तर सूक्ष्मदर्शकाहून स्वस्त साधन नव्हते. शिवाय गणितही त्याच्या बाजूने होते. जिथे क्षय उदंड आहे तिथे थुंकीत लाल काड्या दिसणाऱ्या शंभर जणांपैकी जवळजवळ सगळे क्षयाचेच असतात. आडनाव सांगितले की माणूस ओळखला जातो, कारण गावात त्या आडनावाचे एकच घर आहे. हे गणित बदलते ते रोग कमी झाल्यावर, किंवा फुप्फुस आधीच्या क्षयाने पोकळ झालेल्या, एचआयव्हीने खंगलेल्या रुग्णांत, जिथे मातीतल्या जंतूंना आयती जागा मिळते. १९६२ चा निर्णय १९६२ साठी बरोबर होता. तोच पुढे कित्येक दशके तसाच चालू ठेवण्याचे समर्थन मात्र त्यातून निघत नाही.

त्या काळच्या प्रश्नाचे वजन किती होते, ते संस्थेच्याच दुसऱ्या कामातून दिसते. बंगळूर जिल्ह्यातल्या खेड्यांत १९६१ ते १९६८ अशी सलग पाहणी झाली. आजही जगभर उद्धृत होणारे आकडे तिथलेच आहेत: थुंकीत जंतू सापडलेल्यांपैकी पाच वर्षांत ४९.२ टक्के मेले, १८.४ टक्के जंतू बाळगत राहिले आणि ३२.४ टक्क्यांच्या थुंकीतून जंतू नाहीसे झाले. उपचाराविना क्षय माणसाचे काय करतो, याचा हा विसाव्या शतकातला सर्वांत खणखणीत पुरावा. अशा टक्क्यांची किंमत ‘जंतू सापडला’ या दोन शब्दांवर टिकलेली असते, आणि ते दोन शब्द हिरव्या बाटलीतल्या तुऱ्यांवर.

१९६८ मध्ये तेव्हाच्या मद्रास राज्यातल्या चिंगलपेट जिल्ह्यात बीसीजी लशीची जगातली सर्वांत मोठी चाचणी सुरू झाली. लोकसंख्या साडेतीन लाखांच्या वर. इथे प्रत्येकाला माणसाच्या क्षयाच्या ट्युबरक्युलिनबरोबर पीपीडी-बी, म्हणजे मातीपाण्यातल्या नातेवाइकाचा काढाही टोचला गेला. म्हणजे नात्याचा प्रश्न चाचणीच्या आराखड्यातच होता. साडेसात वर्षांनंतरचा निकाल १९७९ मध्ये आला: प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून लशीने काहीच संरक्षण दिले नाही. पंधरा वर्षांच्या पाठपुराव्याचा अहवाल १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला, तोही चित्र पालटणारा नव्हता. कारणे म्हणून दोन आरोपी उभे केले गेले आणि दोघेही या कुटुंबातलेच. एक, वातावरणातले नातेवाईक, ज्यांनी जवळजवळ सगळ्यांनाच आधी थोडेफार संरक्षण देऊन ठेवले होते. पामर आणि लाँग यांनी १९६६ मध्ये गिनीपिगांवर दाखवले होते की असे संरक्षण आधी असेल तर बीसीजी त्यात फारशी भर घालू शकत नाही. दोन, मिचिसनचा तो सौम्य दक्षिण भारतीय प्रकार. दोन्ही तर्क पटण्याजोगे आणि दोन्ही तेव्हा सिद्ध न होण्याजोगे, कारण गावातल्या माणसाच्या अंगात नेमका कोण शिरला होता हे सांगणारे साधनच नव्हते.

ते साधन १९९० च्या आसपास आले. क्षयाच्या जंतूच्या गुणसूत्रात आयएस ६११० नावाचा एक उडता तुकडा असतो, आणि तो एकदा नव्हे तर पुनःपुन्हा, पुष्कळ जंतूंत आठ-दहा ते वीसपर्यंत जागी. मातीतल्या नातेवाइकांत तो नसतो. पीसीआर म्हणजे एका तुकड्याच्या लाखो प्रती काढण्याची युक्ती. ज्या तुकड्याच्या आधीच वीस प्रती हजर आहेत त्याला शोधणे सोपे. कॅथलीन आयझेनॅक यांनी १९९० मध्ये याच खुणेवर क्षयाची पीसीआर बसवली. यंत्राने नावासह बोट दाखवले, असे वाटले. पण खूण ज्या जंतूंवरून बेतली होती ते बहुतेक पाश्चात्त्य रुग्णांतले होते. मद्रासच्या क्षयरोग संशोधन केंद्रातल्या अभ्यासकांनी आपल्याकडच्या रुग्णांतले जंतू तपासून १९९५ मध्ये जे प्रसिद्ध केले ते धक्कादायक होते: चाळीस टक्क्यांच्या आसपास जंतूंत आयएस ६११० ची एकच प्रत, आणि काहींत एकही नाही. पश्चिमेत जी चाचणी वीस पायऱ्यांचा जिना चढून दारापाशी पोहोचत होती, तिला इथे एक पायरी मिळाली, कधी तीही नाही. रुग्णाला क्षय आहे, जंतू थुंकीत आहे आणि यंत्र म्हणते ‘नाही’. हा दोष पीसीआरचा नव्हता. तिने दिलेली आज्ञा इमानाने पाळली होती.

गंमत अशी की मिचिसनचा सौम्य जंतू आणि हा एकप्रती जंतू बहुतांशी एकच घराणे निघाले. क्षयजंतूच्या वंशावळी गुणसूत्रातून गाळलेल्या तुकड्यांवरून लावल्या गेल्या, तेव्हा हे घराणे ‘प्राचीन’ शाखेत बसले. भारतात हीच प्राचीन घराणी भरून आहेत, हे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. पश्चिमेला वेगळा वाटणारा प्रकार खरे तर जुन्या वाड्यातला होता. वेगळा झाला होता तो पश्चिमेकडचा, कारण त्याने टीबीडी-१ नावाचा तुकडा वाटेत गाळला होता.

त्यानंतरच्या चाचण्यांची रचना वाचताना हा धडा ठिकठिकाणी दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये मान्यता दिलेल्या जीन एक्स्पर्टने आयएस ६११० सोडून आरपीओबी हे जनुक धरले. ते प्रत्येक जंतूत असतेच आणि रिफॅम्पिसिनला दाद न देणारे बदलही त्याच जागी होतात. एका दगडात दोन पक्षी. पण प्रत एकच, त्यामुळे जंतू अगदी थोडे असतील तर निसटतात. म्हणून २०१७ च्या अल्ट्रा आवृत्तीत आयएस ६११० परत आला, मात्र एकटा नव्हे. सोबत आयएस १०८१ हा दुसरा तुकडाही घेतला गेला. एक नसला तर दुसरा साक्ष देईल.

बंगळूरने या कथेत दुसऱ्यांदा प्रवेश केला तो इथे. शहरातल्या बिगटेक लॅब्जमध्ये चंद्रशेखर नायर आणि सहकाऱ्यांनी हाताच्या आकाराची, बॅटरीवर चालणारी पीसीआर घडवली, आणि गोव्याच्या मोलबायो डायग्नोस्टिक्सने ती ट्रूनॅट या नावाने बाजारात आणली. थुंकी आधी एका पेटीत पातळ करून तिच्यातून डीएनए वेगळा काढायचा. मग सहा मायक्रोलीटरचा एक थेंब, ज्याने नखाचे टोकही धड ओले होणार नाही, वाळवून ठेवलेल्या अभिकर्मकांत मिसळून छोट्या चिपवरच्या खोबणीत सोडायचा. सगळे मिळून तासाभराच्या मागेपुढे उत्तर. वातानुकूलित खोली लागत नाही; चिप तीस अंशांपर्यंत टिकते. भारत, इथिओपिया, पेरू आणि पापुआ न्यू गिनी इथल्या चाचण्यांनंतर २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिला मान्यता दिली. पण मला यंत्राच्या आकारापेक्षा त्याला शिकवलेली खूण जास्त महत्त्वाची वाटते. पहिली चिप एनआरडीबी हे जनुक शोधते. ‘प्लस’ चिप एनआरडीझेड शोधते आणि त्याच्या जोडीला आयएस ६११०. ज्या मुलखात आयएस ६११० दगा देतो, तिथे घडलेली चाचणी त्या एकट्यावर विसंबत नाही. १९६० मध्ये मिचिसनला मद्रासमध्ये जो सौम्य जंतू भेटला होता, त्याचाच हिशेब धरून ही रचना झाली असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. पण त्या जंतूपुढे ती टिकून राहते हे खरे.

व्यवहारी डॉक्टर इथे विचारेल की एवढे नाव-गाव कळून मिळते काय? औषधे तर तीच. काही वेळा तीच, हे मान्य. पण नात्यातला जंतू असेल तर ती नसतात. एव्हियम गटाच्या संसर्गात आयसोनियाझिडचा फारसा उपयोग नसतो. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा ॲझिथ्रोमायसिन लागते. ॲबसेसस नावाचा नातेवाईक तर क्षयाच्या पहिल्या फळीतल्या औषधांना जुमानतच नाही. अशा रुग्णाची थुंकी सूक्ष्मदर्शकात महिनोन्महिने लाल काड्या दाखवत राहते, औषधे लागू पडत नाहीत, आणि निष्कर्ष निघतो तो ‘औषधांना न जुमानणारा क्षय’ असा. मग अधिक कडक, अधिक विषारी गोळ्या सुरू होतात. जंतू बंडखोर नव्हताच, तो दुसराच होता. गुरांच्या क्षयाचा जंतू जन्मतःच पायराझिनामाइडला दाद देत नाही, तिथे क्षयाच्या नेहमीच्या चार औषधांतले एक फुकट जाते. उलट बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. मॉलिक्युलर चाचणी मेलेल्या जंतूचा डीएनएही पकडते, त्यामुळे क्षय बरा झालेल्या माणसाला ती काही काळ ‘आजारी’ ठरवू शकते. तिथे आठ आठवड्यांची हिरवी बाटली अजूनही जास्त शहाणी आहे, कारण मेलेला जंतू तिच्यात उगवत नाही.

शिवाय या सगळ्या चिपा आणि पेट्या ज्याला ‘एमटीबी (मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलॉसिस) आढळला’ म्हणतात, ते अजूनही एका व्यक्तीचे नाव नसते. जवळच्या भावंडांच्या गटाचे असते. माणसाचा, गुरांचा, बीसीजी लशीतला, हे सगळे जंतू ९९.९ टक्के सारखे आणि १६एस आरएनएच्या पातळीवर तंतोतंत एक. वेगळे करायचे तर कोणी कोणता तुकडा गाळला हे पाहावे लागते: माणसाच्या जंतूत आरडी-९ आहे, गुरांकडच्या भावंडांत नाही, बीसीजीतून आरडी-१ गळालेला आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या ९४० नमुन्यांचा असा तपास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गुरांचा म्हणून सर्वांना ठाऊक असलेला बोव्हिस एकही सापडला नाही. सात नमुन्यांत ओरिगिस नावाचे दुसरे भावंड निघाले. ओरिगिसला स्वतंत्र ओळख मिळाली तीच मुळी २०१२ मध्ये, आणि चेन्नईच्या गुरांतूनही तो मिळालेला आहे. भारतात माणसांना गुरांकडून क्षय होतो का, हे आपण वर्षानुवर्षे बोव्हिसच्या नावाने शोधत होतो. तो न सापडल्याने होत नाही असे समजत होतो. सात हा आकडा मोठा नाही आणि या सात रुग्णांची औषधे बदलली असती असेही नाही. पण जंतू कुठून आला, दूध उकळण्यावर भर द्यायचा की घरातल्या खोकणाऱ्या आजोबांकडे पाहायचे, हे ‘एमटीबी आढळला’ या ओळीतून कळत नाही.

आणि हातावरची गाठ मोजणारी ती पट्टी? ती परत आली आहे. बीसीजीतून गळालेल्या आरडी-१ मध्ये ईसॅट-६ आणि सीएफपी-१० अशी दोन प्रथिने असतात. शेकडो प्रथिनांच्या काढ्याऐवजी नुसती ही दोन टोचली तर लस घेतलेल्याच्या हातावर गाठ उठत नाही, मातीतल्या बहुतेक नातेवाइकांमुळेही उठत नाही. कोपनहेगनमध्ये शोधलेली अशी सुई आता पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट सी-टीबी नावाने बनवते, आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या प्रकारच्या चाचण्यांना मान्यता दिली. दोन-तीन दिवसांनी हात परत पाहायचा, गाठीचा व्यास मोजायचा, रेघ पाच मिलिमीटरवर. तुमकूरच्या पथकांना ही सुई मिळाली असती तर त्यांच्या आलेखातली बुजलेली दरी बरीच मोकळी झाली असती. पूर्ण नाही. कन्सासीआय नावाच्या, नळाच्या पाण्यात सापडणाऱ्या नातेवाइकाकडे हीच दोन प्रथिने आहेत.